एलटीव्ही तिप्पट आली म्हणून पैसे ओतायचे?

हिशेबनीस
'एलटीव्ही भागिले सीएसी तीनच्या वर गेलं की डोळे मिटून जाहिरातीवर पैसे ओता' असा सल्ला कुणीतरी थाटात दिला आणि खाली 'अगदी बरोबर'ची रांग लागली. म्हणून हे लांबण. (एलटीव्ही म्हणजे एक ग्राहक सोडून जाईपर्यंत त्याच्याकडून मिळणारं एकूण मार्जिन, सीएसी म्हणजे एक ग्राहक मिळवायचा खर्च.)

त्याच पोस्टमधलं उदाहरण: महिन्याला 100 वर्गणी, ग्रॉस मार्जिन (सेवा पुरवायचा थेट खर्च वजा जाता उरणारा भाग) 80 टक्के, मासिक चर्न (दर महिन्याला सोडून जाणारे ग्राहक) 2 टक्के. 80 भागिले 0.02, म्हणजे एलटीव्ही 4000. सीएसी 1300. गुणोत्तर 3.08. वाजवा टाळ्या.

तो 2 टक्के जुन्या-नव्या सगळ्यांची सरासरी आहे. जाहिरातीतून येणारा मात्र नवाच असतो, आणि नवे लोक सुरुवातीला भराभर गळतात. पहिले तीन महिने 8 टक्के आणि पुढे 2 धरा: एलटीव्ही 3336, गुणोत्तर 2.57. खरी मेख पेबॅकमध्ये, म्हणजे सीएसी वसूल व्हायला लागणाऱ्या काळात आहे. 1300 भागिले 80 करून 'सव्वासोळा महिने' सांगतात. त्या भागाकारात एकही ग्राहक सोडून जात नाही! गळती धरली की तेच 24 महिने होतात. आणि 36 महिन्यांपुढचं उत्पन्न मोजायचं नाही असं ठरवलं, तर एलटीव्ही 1737, गुणोत्तर 1.34.

वक्ररेषा
असहमत. पहिले तीन महिने वेगळे धरलेत, मग पुढे 2 टक्क्यांची सरळ रेषा कशाला? मार्केटिंगचे अभ्यासक फेडर आणि हार्डी यांनी 2007 मध्ये हेच दाखवलं: ग्राहक एकसारखे नसतात, कच्चे आधी जातात, उरलेले चिवट असतात, त्यामुळे कोहॉर्टचा, म्हणजे एकाच वेळी आलेल्या ग्राहकांच्या गटाचा, चर्न पुढेही उतरत राहतो. सरळ रेषेने एलटीव्ही कमी दिसते. वर 36 महिन्यांची कात्री. हा हिशेब झाला की घाबरटपणा?

हिशेबनीस
मॉडेल उत्तम आहे. सहा महिन्यांचे सहा ठिपके घेऊन ते पाच वर्षं ताणणारे उत्तम नाहीत. पन्नासाव्या महिन्याच्या वर्गणीतून या महिन्याचे पगार होत नसतात.

नोंदवही
दोघेही एलटीव्हीवर भांडताय. तो 1300 कुठला, ते कुणी विचारलं? खर्च 52000, ग्राहक 100, म्हणून 520 असं सांगणारे पायलीला पन्नास. त्या शंभरात 60 आपणहून आलेले. उरलेल्या 40 वर भागा, मग 1300 येतात. पुढचे 13000 टाकल्यावर दहाऐवजी पाचच आले, तर त्या पाचांची सीएसी 2600. खर्च वाढवायचा निर्णय या 2600 वर घ्यायचा असतो. शिवाय विक्रीवाल्यांचे पगार, कमिशन, फुकट ट्रायलचा सर्व्हरखर्च 'इतर खर्चा'त ढकललेले असतात, ते वेगळंच.

दुरुस्तीवाला
त्या 8 टक्क्यांत स्वतःहून गेलेले किती आणि कार्ड फेल झालेले किती? दोन्ही एकत्र मोजून काय कळणार? खात्यात पैसे नाहीत, बँकेचा सर्व्हर बंद, असले नकार दिवस आणि वेळ बदलून पुन्हा प्रयत्न केला की बरेचदा निघतात. कार्ड चोरीला गेलं, खातं बंद झालं, तिथे कितीही वेळा ठोका, उपयोग शून्य. उलट कार्ड नेटवर्क जादा प्रयत्नांचं शुल्क लावतात. कार्डाची मुदत संपण्याआधी ग्राहकाला कळवायचं, एवढंही बऱ्याच ठिकाणी होत नाही.

वक्ररेषा
अवांतर. आणि कार्ड फेल झाल्यावर नवं न टाकणारा गेलेलाच धरायचा. गरज असती तर टाकलं असतं.

दुरुस्तीवाला
अवांतर कसं? 28 तारखेला पैसे कापले गेले नाहीत, पैसे भरायला सवलतीची मुदत 21 दिवस. महिनाअखेर तो 'अॅक्टिव्ह'. चर्न पुढच्या महिन्यात पडतो आणि तोवर आकडा वाढलेला असल्याने जास्त ग्राहकांवर भागला जातो. तुमच्या वक्ररेषेत तो नेमका कुठल्या महिन्यात गेला? आधी ते सांगा, मग फेडर-हार्डी शिकवा.

वक्ररेषा
शेवटच्या यशस्वी पेमेंटची तारीख धरायची. एवढं साधं आहे. उगाच आवाज चढवू नका.

दुरुस्तीवाला
साधं असतं तर सगळ्यांच्या डॅशबोर्डवर दिसलं असतं.

नोंदवही
गाडी घसरलीच आहे तर वार्षिक प्लॅनही घ्या. वर्षाचे पैसे भरलेला मधल्या महिन्यांत सोडूच शकत नाही, पण छेदात दर महिन्याला हजर. ज्यांचं नूतनीकरण त्या महिन्यात आहे त्यांच्यावरच भागा. 'आमचा चर्न 1 टक्का' म्हणणाऱ्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

हिशेबनीस
वक्ररेषा यांचं एवढं मान्य: चार-पाच वर्षांचे कोहॉर्ट हाताशी असतील तर 36 ची कात्री जाचक आहे. तसे कोहॉर्ट असलेले 'तीनच्या वर आहे, ओतू का?' विचारत नाहीत, हा भाग वेगळा.

वक्ररेषा
उपकार झाले. मग खर्च वाढवायचा कधी, तेही सांगून टाका.

नोंदवही
जाहिरातीचे चॅनेल (ग्राहक जिथून येतात ती माध्यमं) वेगळे काढा. मागच्या वाढीव खर्चातून जे आले तेवढ्यांचाच कोहॉर्ट घ्या, त्यांचं सहा महिन्यांचं प्रत्यक्ष जमा झालेलं मार्जिन मोजा, सवलती वजा करून. सीएसीचा किती भाग परत आला ते बघा आणि जुन्या कोहॉर्टशी ताडा. मागे पडत असेल तर त्या चॅनेलला थांबवा, सरासरी गुणोत्तर पाच दिसत असलं तरी.

दुरुस्तीवाला
'जमा झालेलं' म्हणजे बिल निघालेलं नव्हे, हे लिहून ठेवा.