१० गिगाबिटचं कार्ड बसवलं, यादीत दिसतंय, पण होम सर्व्हर नेटवर्कवर येत नाही

खटपट्या
चार हार्डडिस्कचा रेडझेड१ पूल (एक डिस्क गेली तरी डेटा वाचतो), वर ट्रूनॅस स्केल ही स्टोरेज सर्व्हरची लिनक्स प्रणाली. १ गिगाबिटचं कार्ड काढून शेजारच्या लांब स्लॉटमध्ये इंटेल एक्स५२०-डीए२ हे १० गिगाबिटचं कार्ड बसवलं. पोर्टमध्ये दुसऱ्याच ब्रँडचं ऑप्टिकल मोड्यूल (फायबरची केबल जोडायचा एसएफपी प्लस प्रकारचा छोटा तुकडा) आहे. सर्व्हर चालू होतो, कार्ड पीसीआयच्या यादीत येतं. पण पोर्टचा दिवा लागत नाही आणि सर्व्हरचं वेब पानही उघडत नाही. कार्ड गेलेलं आहे का?

तारायंत्र
यादीत येतंय म्हणजे कार्ड बहुतेक ठीक आहे. इथे दोन वेगळे घोळ एकदम झालेत.

पहिला मोड्यूलचा. एक्स५२० चा ड्रायव्हर अनोळखी ब्रँडचं ऑप्टिकल मोड्यूल नाकारतो. नुसता दिवा लागत नाही एवढंच नाही, तो पोर्ट इंटरफेस (सिस्टिमला दिसणारी नेटवर्क जोडणी) म्हणून तयारच होत नाही. कर्नलच्या लॉगमध्ये 'अनसपोर्टेड एसएफपी' अशी ओळ सापडेल. मोड्यूल काढा, सर्व्हर पुन्हा चालू करा. इंटरफेस दिसला की दुखणं तेच. स्विच जवळ असेल तर सरळ पॅसिव्ह डॅक केबल (दोन्ही टोकांना मोड्यूल पक्कं जोडलेली तांब्याची केबल) घ्या, तिथे हा ड्रायव्हर ब्रँड बघत नाही. मोड्यूलच वापरायचं असेल तर ड्रायव्हरला 'अलाउ अनसपोर्टेड एसएफपी' हा पर्याय १ करून द्यावा लागतो.

दुसरा नावाचा. इंटरफेसचं नाव स्लॉटवरून पडतं. स्लॉट बदलला, नाव बदललं, आणि तुमचा स्थिर आयपी जुन्या नावाला चिकटून बसला. मॉनिटर-कीबोर्ड लावून कन्सोलच्या मेनूतून जुन्या इंटरफेसवरचा पत्ता काढा, नव्याला द्या. बदल लागू केल्यावर कायमही करा, नाहीतर रीबूटनंतर पुन्हा पहिल्यासारखं. व्हर्च्युअल मशीनसाठी ब्रिज (त्यांना नेटवर्कशी जोडणारा आभासी स्विच) असेल तर त्याचा सदस्यही बदलावा लागेल. राउटरमध्ये मॅक पत्त्यावर (कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) आयपी राखून ठेवला असेल तर तिथे नवा मॅक टाका.

पंखा_४०
कार्डवरच्या हीटसिंकला हात लावून बघा, पण जपून. ही कार्डं रॅक सर्व्हरच्या जोरदार वाऱ्यासाठी बनलेली असतात. शांत घरगुती कॅबिनेटमध्ये तो वारा नसतो. मग हलकी कॉपी नीट चालते आणि मोठ्या बॅकअपच्या मध्येच लिंक पडते, माणूस मात्र केबल बदलत बसतो. ४० मिमीचा छोटा पंखा हीटसिंकवर बसवा. एसएफपी प्लसमधून आरजे४५ काढून देणारी मोड्यूलं तर स्वतःच चांगली तापतात, शक्यतो टाळा.

खटपट्या
मोड्यूल काढल्यावर इंटरफेस दिसला, डॅक लावली, पत्ताही हलवला. पान उघडतंय. आता स्लॉटची शंका: लांब असला तरी मदरबोर्डच्या पुस्तिकेत एक्स४ (चार लेन, म्हणजे डेटाच्या चार वाटा) लिहिलंय, कार्ड मात्र एक्स८ चं आहे.

तारायंत्र
चालेल. हे कार्ड पीसीआय एक्सप्रेस २.० चं, लेनमागे सेकंदाला ५०० एमबी. चार लेन म्हणजे २ जीबी, आणि १० गिगाबिटच्या एका पोर्टला १.२५ जीबी लागतात. दोन्ही पोर्ट एकदम भरायचे असतील तरच कमी पडेल. खरोखर किती लेन मिळाल्यात ते एलएसपीसीआय या कमांडच्या सविस्तर माहितीत 'लिंक स्टेटस'पुढे दिसतं. तिथे एक्स१ आलं तर कार्ड नीट दाबून बसलेलं नाही, किंवा एम.२ च्या सॉकेटने लेन पळवल्यात.

वेग आधी आयपर्फ३ या नेटवर्कचा वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅमने मोजा, फाइल कॉपी करून नव्हे. तिथे ९.४ गिगाबिटच्या आसपास आलं की नेटवर्कचं काम झालं. त्यापुढे कॉपी संथ वाटली तर ती डिस्कची मर्यादा. चार फिरत्या डिस्क १० गिगाबिट भरू शकत नाहीत. एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) १५०० च राहू द्या. ९००० करायचाच असेल तर सर्व्हर, स्विच आणि संगणक तिन्हीकडे करावा लागतो. एक जरी राहिला तरी पिंग चालतो आणि मोठी फाइल अडकू शकते.