रात्रपाळीत वेल्डर डब्ल्यूपीएस (वेल्डिंग कसं करायचं याची लेखी पद्धत) पाळत नाहीत, काय करावं?

क्यूसी_अमळनेर
नमस्कार मंडळी. मूळचा अमळनेरचा, मेकॅनिकल डिप्लोमा. आठ महिन्यांपासून एका अणुवीज प्रकल्पाच्या साइटवर सब-कॉन्ट्रॅक्टरकडे वेल्डिंग क्यूसी (दर्जा तपासणारा) आहे (कुठे ते विचारू नका). पाइपिंगचं काम, थोडं स्टेनलेस, बाकी कार्बन स्टील. दिवसा सगळे शहाणे. रात्री दोनला राउंड मारला की 7018 चे (ओलावा न चालणारे) वेल्डिंग रॉड क्विव्हरबाहेर, म्हणजे गरम ठेवायच्या डब्याबाहेर, पत्र्यावर उघडे. स्टेनलेसला दोन पासच्या (वेल्डच्या थरांच्या) मध्ये 150 अंशांच्या वर नको असं डब्ल्यूपीएसमध्ये स्पष्ट आहे, इथे जॉइंट निवायच्या आत पुढचा पास सुरू. हटकलं की एकच उत्तर, "साहेब, एक्स-रे पास होतोय ना?" आणि होतोही! वेल्डर माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. ओरडायला जीभ उचलत नाही, वर कळवलं तर माणसाची रोजी जाते.

टिगवाला_साक्री
भाऊ, मी वेल्डरच. आधी सांगा, तुमचा रॉड सुके ठेवायचा ओव्हन कुठे आहे? एका साइटवर आमचं स्टोअर खाली, जॉब चौथ्या मजल्यावर. एकदा खाली गेलं की अर्धा तास गेला. वरून सुपरवायझर रोजचे इंच-डाया (जोडलेल्या पाइपांच्या व्यासांची बेरीज, तेच आमच्या कामाचं माप) मोजणार. जॉइंट निवायची वाट पाहायला टाइम कोठे शे? आणि डब्ल्यूपीएस इंग्रजीत, तीही क्यूसीच्या कपाटात.

भुसावळकर_आप्पा
टिगवाल्याचं खरं आहे, पण अर्धंच. मी 34 वर्षं बॉयलर आणि प्रेशर पायपिंगवर काढली, आधी हेल्पर, मग वेल्डर, शेवटी फोरमन. एक्स-रेच्या भरवशावर मीही होतो. एका पावसाळ्यात दमट रॉड तसेच वापरले, जाड पाइप होता, प्रीहीटही (वेल्डआधी पाइप तापवणं) उरकल्यासारखाच. संध्याकाळी एक्स-रेची फिल्म काढली, स्वच्छ. तिसऱ्या दिवशी जॉइंटच्या कडेला केसाएवढी चीर. रॉडच्या ओलाव्यातला हायड्रोजन धातूत शिरतो आणि वेल्ड निवल्यावर तासांनी, कधी दिवसांनी फोडतो. फिल्म काढली तेव्हा चीर नव्हतीच, दिसणार कुठून? स्टेनलेसचंही तसंच. साधं 304 फार वेळ तापलेलं राहिलं तर कणांच्या कडेला क्रोमियम कार्बाइड धरतं, गंज तिथूनच शिरतो. कुठलाच एक्स-रे ते दाखवत नाही. हे वेल्डरला चहाच्या वेळी सांग. कारण कळलं की जुना माणूस ऐकतो. नुसतं कलम दाखवलं तर हसतो.

आता तुझं काम. पोर्टेबल ओव्हन जॉबशेजारी आण, दिव्यासकट. रॉड चिठ्ठीवर दे, दर चार तासांना मोजून, आणि थोटकं परत घे. दिले तेवढे परत आले नाहीत तर रात्री काय झालं ते न विचारता कळतं. स्टेनलेसवाल्याला एक जॉइंट देऊ नको, दोन जवळचे दे. एक निवतो तोवर दुसऱ्यावर हात चालतो, इंच-डायाही भरतात. तापमानाचा खडू (ठरल्या तापमानाला वितळतो तो) तुझ्या खिशात नको, त्याच्या खिशात असू दे. करंट टाँग टेस्टरने (केबलभोवती धरायच्या मीटरने) बघ, वेल्डिंग सेटच्या काट्यावर जाऊ नको.

आणि सकाळी बसून रात्रीचे आकडे भरणं आधी बंद कर. ते वेल्डर करत नाही, आपण करतो. (माझी सही असलेले असे कागद आहेत, आता काय लपवायचं.)

फ्रान्सच्या फ्लामाँव्हिल अणुवीज प्रकल्पाचं वाचलं असेल. 2019 मध्ये तिथल्या अणुसुरक्षा नियामकाने रिअॅक्टरच्या दोन भिंतींमधून जाणाऱ्या वाफेच्या पाइपांचे आठ जॉइंट दुरुस्त करायला लावले. खर्च दीड अब्ज युरोंनी वाढला, वीज ग्रिडला गेली डिसेंबर 2024 मध्ये. या पाइपांना जास्त कडक दर्जा लागेल ही अट ठेकेदारापर्यंत धड पोचलीच नव्हती. वेल्डरच्या हाताला काय म्हणणार?

क्यूसी_अमळनेर
आप्पा, काल पावलं मोजली. ओव्हन ते जॉब 410, मध्ये दोन जिने. सकाळच्या आकड्यांचं वाचून गप्प बसलो, कारण मागच्या आठवड्यातलं रजिस्टर माझ्याच अक्षरात आहे. स्टोअरवाला म्हणतो पोर्टेबल ओव्हन आहेत चार, पण प्लग नाहीत.

टिगवाला_साक्री
प्लग मी देतो भो, पेटीत तीन पडलेत. जोडी-जॉइंटचं आधी सुपरवायझरच्या डोक्यात घाला.

भुसावळकर_आप्पा
प्लग लावायच्या आधी त्या लाइनवर किती लोड आहे ते इलेक्ट्रिशियनला विचार. आणि मागच्या आठवड्याचं रजिस्टर खोडू नको. खाली तारीख टाकून खरं काय ते लिही, मग साहेबाला दाखव.

क्यूसी_अमळनेर
आज रात्रपाळीआधी दाखवतो.