कॅनडातला दूध कोटा मोडायचा, तर भरपाई कोणत्या आकड्यावर?

ताळेबंद
किराण्याच्या महागाईवरच्या चर्चेत परवा एकानं लिहिलं : "कॅनडातले दूधवाले कोट्यधीश आहेत. कोटा उद्या सकाळी रद्द करा आणि त्यांना एक सेंटही देऊ नका." वाचून डोकं फिरलं, म्हणून हे सविस्तर.

कोटा, म्हणजे ठरावीक दूध विकायचा हक्क, जावा हे माझंही मत आहे. लोण्यावर 298.5 टक्के आणि चीजवर 245.5 टक्के आयातशुल्क लावून टिकवलेल्या व्यवस्थेचा सगळ्यात जास्त भार गरिबाच्या ताटावर पडतो. पण 'एक सेंटही नको' म्हणणाऱ्यानं गोठ्याचा जमाखर्च कधी उघडून पाहिलेला नाही.

ओन्टारियो प्रांतात कोटा दिवसाला एक किलो बटरफॅट (दुधातली चरबी) या मापानं विकला जातो आणि किलोचा भाव 24,000 डॉलरवर बांधलेला आहे. आटवलेल्या गायी धरून ढोबळ हिशोब किलोला एक गाय. म्हणजे 80 किलोच्या गोठ्याचा नुसता कोटा 19 लाख 20 हजार डॉलरचा. जमीन, शेड, धारेचे रोबो वेगळे. 1970च्या दशकात ज्या घरांना कोटा मिळाला, त्यांना तो तेव्हाच्या उत्पादनावरून फुकट मिळाला. पाच वर्षांपूर्वी धंद्यात उतरलेल्यानं तोच कोटा बँकेच्या पैशानं घेतला. या दोघांना किलोमागे सारखी भरपाई देणं हा अन्याय आहे.

देशभरचा कोटा वर्षाला साधारण 40 कोटी किलो फॅट, म्हणजे दिवसाला 11 लाख किलो. 24,000नं गुणा, 2,600 कोटी डॉलरच्या वर जातं. अल्बर्टा प्रांतात तर भाव याच्या दुपटीच्या घरात. दहा वर्षांत वसूल करायचं म्हटलं, तर देशातल्या सुमारे साडेनऊशे कोटी लिटर दुधावर लिटरमागे जवळपास 28 सेंट अधिभार बसतो. हे कुठलंही सरकार करणार नाही. म्हणून पुस्तकी किंमत धरा : खरेदी वजा करविवरणात दाखवलेला घसारा. आकडा प्रत्येकाच्या करसल्लागाराकडे तयार आहे. दहा वार्षिक हप्ते द्या आणि त्याच दहा वर्षांत शुल्क पायरीपायरीनं उतरवा.

गुएल्फचा गोठा
पुस्तकी किंमत कागदावर चोख दिसते, गोठ्यात लावली की फाटते. बापाकडून मुलाकडे कोटा येताना करकायदा तो मूळ किमतीला वळवू देतो. बापाला फुकट मिळालेला, म्हणून मुलाच्या पुस्तकात शून्य. पण त्याच मुलानं आईवडिलांच्या म्हातारपणाची सोय लावायला आणि बहीणभावांचा हिस्सा द्यायला जमीन गहाण टाकलेली असते. तुमच्या सूत्रानं त्याला भरपाई शून्य आणि कर्ज पूर्ण. शेजारचा 600 गायींचा गोठा दर महिन्याच्या कोटा बाजारात थोडा थोडा घेत गेला, त्याचं पुस्तक भरलेलं. चेक त्याला जाणार.

आणि कोटा म्हणजे रोजचं नियोजन आहे, ते तर तुम्ही धरलंच नाही. ओन्टारियोत 10 दिवसांपर्यंतचं जादा आणि 30 दिवसांपर्यंतचं कमी दूध खात्यावर चालतं. दहाच्या पुढे गेलं की त्या दुधाला पैसे नाहीत, वाहतूक मात्र कापली जाते. म्हणून मागणीच्या शरद ऋतूत गायी विताव्यात अशा बेतानं डिसेंबरात रेतन. जादा होऊ लागलं तर गाय दोन आठवडे आधी आटवायची, खुराकातली चरबी कमी करायची, दूध वासरांना पाजायचं. हा लगाम सुटला की सगळे एकाच वेळी गायी वाढवतात. युरोपात 31 मार्च 2015ला कोटा संपला. 2014च्या सुरुवातीला किलोला 40 युरोसेंट मिळत होते, 2016च्या मध्यात 26च्या आसपास. शेवटी 15 कोटी युरो काढून, दूध कमी करणाऱ्याला किलोमागे 14 सेंट द्यावे लागले.

ताळेबंद
युरोपचं अर्धंच सांगताय. ऑगस्ट 2014मध्ये रशियानं युरोपचं चीज बंद केलं, चीननं भुकटीची खरेदी आवरली. ती पडझड एकट्या कोट्याच्या माथी मारू नका. आयर्लंडनं त्याच काळात उत्पादन कितीतरी वाढवलं.

गुएल्फचा गोठा
आणि नेदरलँड्सनं? तिथं गायी इतक्या वाढल्या की 1 जानेवारी 2018पासून फॉस्फेटचे (शेणातून मातीत जाणाऱ्या घटकाचे) हक्क वाटावे लागले. तेही विकत घ्यावे लागतात. दुधाचा कोटा गेला, शेणाचा आला.

मेलबर्नकर
दोघांनीही ऑस्ट्रेलिया सोडला, आणि भरपाईचा खरा धडा तिथलाच आहे. 1 जुलै 2000ला राज्यांचे बांधीव दर एका दिवसात गेले. पॅकेज सुमारे 160 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचं. पैसा आला ग्राहकाकडून, पिण्याच्या दुधावर लिटरला 11 सेंट अधिभार, तो 2009पर्यंत चालला. आधार 1998-99चं उत्पादन : पिण्याच्या दुधाला लिटरमागे 46.23 सेंट, प्रक्रियेच्या दुधाला सरासरी 8.96 सेंट, 32 तिमाही हप्त्यांत. धंदा सोडणाऱ्याला 45,000 डॉलरपर्यंत वेगळे.

भरपाई वेळेवर मिळाली, तरी गोठे सुमारे 13,000वरून वीस वर्षांत 6,000च्या खाली आले. चुकलं ते हे की सौदा करण्याची ताकद हिशोबात धरलीच नाही. जानेवारी 2011मध्ये सुपरमार्केटांनी दूध लिटरला एक डॉलरवर आणलं आणि ते आठ वर्षं तिथंच राहिलं. एप्रिल 2016मध्ये सगळ्यात मोठ्या सहकारी संघानं, मरे गोलबर्ननं, चालू हंगामाचा दर मागच्या तारखेपासून कापला. तो संघ 2018मध्ये विकला गेला सापुतोला, म्हणजे माँट्रियलच्या कंपनीला. मागच्या तारखेनं दर कापायला बंदी घालणारी सक्तीची संहिता आली 1 जानेवारी 2020ला. तोवर वीस वर्षं गेली होती.

ताळेबंद
गोठे कोटा असूनही कमी होतात. कॅनडात आज 10,000हून कमी उरलेत, 1970च्या सुमारास लाखाच्या वर होते. ऑस्ट्रेलियात मधे मोठा दुष्काळही पडला होता. संहितेचा मुद्दा मात्र मान्य करावा लागतो.

फॅट-डिग्री
सगळे फॅटवर भांडताय. डिग्रीचं, म्हणजे एसएनएफचं (दुधातल्या फॅट सोडून बाकी घन घटकांचं) काय? कोटा फॅटमध्ये मोजतात, लोण्याची मागणी वाढली की कोटा वाढतो, आणि मागे स्किम दूध उरतं. 100 लिटर 3.5/8.5च्या (3.5 टक्के फॅट, 8.5 टक्के एसएनएफ) दुधातून लोणी निघतं चार किलोच्या थोडं वर, भुकटी नऊ किलोच्या आसपास. ही भुकटी जागतिक भावानं खपवायला कॅनडानं 2017मध्ये 'क्लास 7' हा दुधाचा स्वस्त दरवर्ग काढला. 1 जुलै 2020ला अमेरिका-मेक्सिकोशी नवा करार लागू झाला आणि तो बंद करावा लागला. स्किम भुकटी आणि दूध-प्रथिनांची भुकटी यांच्या मिळून निर्यातीवर दुसऱ्या वर्षापासून 35,000 टनांची मर्यादा, पुढे वर्षाला 1.2 टक्के वाढ, त्यावरच्या प्रत्येक किलोला 54 सेंट. उद्या कोटा मोडला तर वाढीव दूध पहिल्यांदा ड्रायरच्या दारात उभं राहणार, आणि बाहेर जायची वाट आधीच अरुंद. दर तिथून कोसळतो. महाराष्ट्रात हेच होतं. पुष्टकाळात, म्हणजे दूध भरपूर असतं तेव्हा, भुकटीचा भाव पडला की महिन्याभरात संकलनाचा दर उतरतो.

धारोष्ण
मग महाराष्ट्रात कोटा का नको? उसाला एफआरपी आहे, दुधाला काहीच नाही. तुम्ही लोक तिकडे बसून कॅनडाचा मोडायच्या गप्पा मारताय, आणि इकडे 3.5/8.5ला एक पॉइंट कमी लागला की कपात. मोडायचं सोडा, इथं आणा.

फॅट-डिग्री
आणणार कसा? कोट्याला तीन पाय लागतात : उत्पादनावर मर्यादा, आयातीवर भिंत, आणि खर्चावर बांधलेला दर. शिवाय प्रत्येक लिटर एकाच मंडळामार्फत विकला गेला पाहिजे. इथं बहुतांश संकलन खासगी, गावोगाव ठेकेदारांचे बल्क कूलर. गुजरात-कर्नाटकाचं दूध रोज येतं, त्याला राज्याच्या सीमेवर अडवता येत नाही. दोन गायींवाल्याला 'रोज 14च लिटर घाल' कोण सांगणार? उरलेलं तो शेजारच्या कूलरला घालेल.

धारोष्ण
म्हणजे शेतकऱ्यानं मरावं, कारण तुमची यंत्रणा ढिली आहे! जानेवारी 2024मध्ये 27 रुपये दराची अट घालून 5 रुपये अनुदान दिलं, जुलैत 30 अधिक 5, ऑक्टोबरात 28 अधिक 7. आधारदर 30वरून 28 केला, म्हणजे अनुदान वाढलं आणि डेअरीची जबाबदारी घटली. हे तुम्हाला खटकत नाही?

फॅट-डिग्री
खटकतं. त्या दोन रुपयांबद्दल तुमच्याशी वाद नाही. पण याच अनुदानात कळलं की भरपाई कुठे अडते. गायीच्या कानातला बिल्ला, संकलनाची नोंद आणि बँक खातं, तिन्हीवर एकच नाव लागतं. गाय विकली की बिल्ला जुन्या मालकाच्या नावावर राहतो. दूध वडिलांच्या कोडवर आणि खातं मुलाचं असतं. बिल्ला गळून पडतो. संकलन केंद्र माहितीच वर चढवत नाही. यातलं एक चुकलं की पैसे अडकले. कॅनडात प्रत्येक गोठ्याच्या प्रत्येक टँकरचं फॅट मंडळाकडे नोंदलेलं आहे, म्हणून तिथं निदान भरपाई वाटता तरी येईल.

गुएल्फचा गोठा
वाटतातच. युरोप आणि प्रशांत देशांशी झालेल्या व्यापारकरारांपोटी 175 कोटी डॉलर, अमेरिकेच्या करारापोटी 120 कोटींपर्यंत, सगळं धारण केलेल्या कोट्याच्या प्रमाणात. मोठ्याला मोठा चेक. आणि जून 2025मध्ये सी-202 कायदा झालाय. वाटाघाटीत दूध-अंडी-कोंबडीचा आणखी बाजार देता येत नाही. चर्चा कशाची चाललीय?

ताळेबंद
तो कायदा परराष्ट्रमंत्र्याला करारात सूट देण्यापासून रोखतो. देशातला कोटा संसदेला मोडता येतो. 'प्रमाणात' वाटण्याविरुद्धच तर मी बोलतोय.

मुलाचं पुस्तक शून्य राहतं, ही चूक तुम्ही दाखवलीत, मानली. मग असं करा : पुस्तकी किंमत किंवा गोठ्यावरचं शिल्लक कर्ज, यातलं जे जास्त ते. कर्ज घोषणेच्या दोन वर्षं आधीच्या 31 डिसेंबरचं धरायचं, नाहीतर घोषणेची कुणकुण लागताच कर्जं वाढतील. किलोला कमाल 10,000 डॉलर. सगळ्यांनी कमाल मर्यादा गाठली तरी 1,100 कोटी, दहा वर्षांत लिटरमागे साडेअकरा सेंट. आणि मेलबर्नकर म्हणतात ती संहिता पहिल्या हप्त्याच्या आधी लागू.

मेलबर्नकर
संहितेत किमान मुदतीचा लेखी करार घाला. कारखान्याला दूध नाकारायला 12 महिन्यांची सूचना सक्तीची करा. नासणारा माल हातात घेऊन कोणाला भावासाठी अडून बसता येत नाही.

गुएल्फचा गोठा
आधीच्यापेक्षा बरं आहे. पण 10,000ची मर्यादा ओन्टारियो डोळ्यासमोर ठेवून घातलीत. अल्बर्टात 50,000च्या घरात 40 किलो घेतला असेल तर 20 लाखांचं कर्ज, हाती येणार 4 लाख. उरलेल्या 16 लाखांना बँक जमीनच मागणार. त्याच्यासाठी प्रांतवार मर्यादा काढा, म्हणजे क्वेबेक विचारेल की आम्ही भाव 24,000वर दाबून ठेवला, त्याची शिक्षा आम्हालाच का. हे कसं सोडवणार, ते मांडा.