मदत हवी आहे: 'नाशिक'ला यमक (लवकर!)

इंदिरानगरची_थोरली: 'नाशिक'ला जुळणारं यमक हवं आहे. परवा सकाळच्या आत. 'आशिक' सोडून काहीही चालेल. दोन तास डोकं धरून बसले आहे.

मतला: काफियाच, म्हणजे गझलेतलं यमकच हवं आहे ना? मग मतल्यात, म्हणजे पहिल्या दोन ओळींत, काय बांधताय त्यावर सगळं आहे. 'नाशिक' आणि 'आशिक' बांधलंत तर 'शिक' शेवटच्या शेरापर्यंत पाळावं लागेल. 'नाशिक' आणि 'भाविक' बांधलंत तर नुसतं 'इक' पुरतं. मग रसिक, पथिक, नाविक, सैनिक, अधिक, सगळे आत येतात. अलामत तेवढी सांभाळा, म्हणजे 'क'च्या आधीची 'इ'. वृत्त कोणतं आहे?

पंचवटीकर: गझल आहे असं कुठे म्हणाल्या त्या?

मतला: नाहीही म्हणालेल्या नाहीत.

पुस्तकी_किडा: मूळ 'नासिक' लिहा, 'मासिक' चपखल बसेल. लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक इथेच कापलं, नासिका म्हणून नासिक. जुन्या छापील पुस्तकांत 'नासिक'च आढळतं.

पंचवटीकर: दुसरी बाजूही सांगा की. नऊ टेकड्यांचं गाव, नवशिखा, त्याचं नाशिक. आणि मुघलांनी गुलशनाबाद केलं होतं, तेच घ्या ताई. दाद, साद, याद, नाद, प्रसाद. यमकांचा नुसता पाऊस!

इंदिरानगरची_थोरली: अहो गुलशनाबाद काय! उखाणा आहे. आणि 'मासिक' तर मुळीच नको, समोर सगळ्या सासवा बसलेल्या असणार.

शेजारची_काकू: उखाणा आहे हे आधी सांगायला काय झालं होतं? कोणाचा? तुमचा की लेकीचा? मंगळागौर, डोहाळजेवण की गृहप्रवेश? माझ्याकडे वहीत दीडशे आहेत. हा घ्या: चांदीच्या ताटात पेढे ठेवले साठ...

इंदिरानगरची_थोरली: काकू, त्यात नाशिक कुठे आहे? धाकट्या जावेचा गृहप्रवेश आहे, लातूरची आहे ती. आमच्या आत्यांचा हट्ट की उखाण्यात नाशिक आलंच पाहिजे. जावेने काम माझ्यावर ढकललं. पहिली ओळ झाली आहे: 'गोदेच्या काठावर वसलं सुंदर नाशिक'. दुसरी अडली.

पंचवटीकर: मग ओळच फिरवा. नाशिकला प्रत्यय लावला की 'इ' गळते. आपण नाशिकमध्ये कुठे म्हणतो, नाशकात म्हणतो. 'लातूरची लेक आले नाशकात', खाली 'थाटात', 'दारात', 'हातात', हवं ते लावा. अडलेलं यमक चुटकीसरशी सुटतं.

इंदिरानगरची_थोरली: सुचवून पाहिलं. ती 'नाशिकमध्ये'च म्हणते. 'नाशकात' म्हटलं की तिला हसू येतं.

शेजारची_काकू: हसली तर हसू दे की, नवी नवरी आहे. मुलाचं नाव काय ते सांगा, नावाशिवाय उखाणा कसा करायचा?

इंदिरानगरची_थोरली: कार्तिक. पण मला नावाचं यमक नको आहे, नाशिकचं हवं आहे.

पंचवटीकर: 🙏 ताई. कार्तिक. नाशिक. यमक नवऱ्यातच बसलंय आणि तुम्ही दोन तास शोधताय!

इंदिरानगरची_थोरली: तेवढं मलाही कळतं. आमच्याकडे 'राव' लावल्याशिवाय नाव घेत नाहीत. 'कार्तिकराव' ओळीच्या शेवटी आलं की गेलं यमक.

मतला: उखाण्यात यमक ओढूनताणून आणण्यापेक्षा मुक्तछंदात म्हणा ना. कुसुमाग्रजांच्या गावात राहता, 27 फेब्रुवारीला भाषा दिन साजरा करता...

शेजारची_काकू: मुक्तछंदातला उखाणा कोणी ऐकलाय? पाहुण्यांना वाटेल मुलगी विसरली.

पाटीपेन्सिल: 28 वर्षं गणित शिकवलं, म्हणून एक शब्द सुचला: त्रैराशिक, म्हणजे तीन संख्यांवरून चौथी काढण्याची रीत. 'आशिक' वगळता इतकं पूर्ण जुळणारं दुसरं मला तरी सापडलं नाही. बघा:

*दोन घरं, एक नातं, सोपं त्रैराशिक,*
*कार्तिकरावांचं नाव घेते, माहेर लातूर, सासर नाशिक.*

नाव ओळीच्या सुरुवातीला घेतलं की 'राव'चा त्रास संपतो.

शेजारची_काकू: मास्तर, छान आहे. पण त्रैराशिक आजच्या मुलींना माहीत असतं का?

पाटीपेन्सिल: किराणा दुकानात रोज करतात, नाव माहीत नसतं इतकंच.

गावकुसातली: यमक एवढं काटेकोर कशाला? माझ्या मते लग्नघरात शोभेल असा शब्द एकच, सोयरीक.

*गोदेच्या काठावर सुंदर नाशिक,*
*कार्तिकरावांच्या घराशी जुळली सोयरीक.*

'जवळीक'ही चालेल, पण ते आत्यांसमोर जरा जास्तच होईल.

पुस्तकी_किडा: 'सोयरीक'मधला 'री' दीर्घ, 'नाशिक'मधला 'शि' ह्रस्व. हे यमक नव्हे. बारीक, खारीक, ठीक, पीक यांनाही तोच नियम.

गावकुसातली: उखाणा म्हणायचा असतो, लिहायचा नाही. मराठीत शेवटचा 'अ' आपण गिळतो, त्यामुळे 'शिक्' आपोआप लांबतं. 'रसिक' मोठ्याने म्हणून बघा, 'रसीक'च ऐकू येतं. वेलांटी कागदावर राहते.

पुस्तकी_किडा: अशाने शुद्धलेखनाला काही अर्थ राहणार नाही.

गावकुसातली: गृहप्रवेशात कोणी शुद्धलेखन तपासत नाही हो. माप ओलांडलं की झालं.

मतला: कानाला 'ई' आणि कागदाला 'इ', हा मुद्दा गझलेत मात्र चालणार नाही. तिथे लघुगुरू मोजतात.

पंचवटीकर: परत गझल.

इंदिरानगरची_थोरली: जावेला फोनवर दोन्ही ऐकवले. 'त्रैराशिक' तिला फार आवडलं, पण तीनदा म्हणाली आणि तिन्ही वेळा 'तैराशिक' झालं. शेवटी सोयरीक ठरलं. मास्तर, तुमचं मी स्वतः म्हणणार आहे, मलाही आग्रह होईलच, 'कार्तिकरावां'च्या जागी आमच्या यांचं नाव. काकूंनी वही जपून ठेवा, डोहाळजेवण आलं तर येते.

आता एक खरा प्रश्न. लातूरचे 18 पाहुणे आदल्या रात्री येणार आहेत. सकाळी त्यांना मिसळ खाऊ घालायची आहे, तिखट फार नको, लहान मुलं आहेत. इंदिरानगरजवळ कुठे?

शेजारची_काकू: घरीच करा. मटकी आदल्या दिवशी सकाळी भिजत घाला, रात्री उपसून फडक्यात बांधा.

मतला: 'मिसळ'ला 'उसळ', 'मुसळ' आणि 'घुसळ' आहेत. रदीफ, म्हणजे यमकापुढे दरवेळी तसाच येणारा शब्द, काय ठेवताय?