मॉरिस मायनरच्या स्टीअरिंगला प्ले: किंगपिन लेथवर करून घेऊ का?

घरी १९५७ ची मॉरिस मायनर आहे, ९४८ सीसी, अखंड पुढच्या काचेची. आजोबांनी सेकंडहँड घेतलेली. बाबांच्या काळात ती फक्त दसऱ्याला हार घालून घेण्यापुरती बाहेर यायची. आता माझ्या गळ्यात पडली आहे (हौसेनंच, पण बायकोला तसं सांगायचं नाही). इंजिन आणि ब्रेक मार्गी लागले, गाडं अडलंय स्टीअरिंगपाशी.

सरळ रस्त्यावर स्टीअरिंग दोन इंच इकडे-तिकडे हलवलं तरी गाडीला पत्ता नसतो, एवढा प्ले (ढिलेपणा). खड्ड्यात उजव्या बाजूनं 'टक्' असा आवाज येतो. चाळीसच्या वर गेलं की चाक थरथरतं. कर्वे रस्त्यावर डावीकडून रिक्षा घुसली की पोटात गोळाच येतो.

एका गॅरेजमध्ये दाखवली. तिथं रॅकच्या (स्टीअरिंगनं सरकणारी दातांची पट्टी) दाब देणाऱ्या डँपरखालच्या शिमा (पातळ चकत्या) काढून सगळं आवळून दिलं. आता पूर्ण वळवल्यावर स्टीअरिंग दगडासारखं जड होतं, वळण संपल्यावर आपणहून सरळ येत नाही आणि मधला प्ले आहे तिथंच आहे. बिल मात्र चोख.

शेवटी रविवारी स्वतःच जॅक लावून, खाली घोडी ठेवून आडवा झालो. किंगपिनच्या (पुढचं चाक जिच्याभोवती वळतं ती उभी पिन) खालच्या, ग्रीस भरायच्या निपलवर क्रीम रंगाचा इतका जाड थर, की ते निपल आहे हे नखानं खरवडल्यावर कळलं. ग्रीस गन लावली तर ग्रीस बाजूनंच बाहेर. निपल काढून भोकात तार घातली, तर आतून पेन्सिलीच्या शिशासारखं काळं, वाळलेलं काहीतरी निघालं. वीसेक वर्षं तरी तिथं ताजं ग्रीस गेलं नसावं.

भोसरीतला एक टर्नर म्हणतो, "नमुना आणा, आठवड्यात दोन्ही बाजूंच्या पिना करून देतो." खर्च परवडणारा आहे. करून घेऊ का? आणि टाय रॉड एंड (स्टीअरिंगचा दांडा चाकाला जोडणारे सांधे) ॲम्बॅसिडरचे बसतात का?

प्रतिसाद

दादा, आधी गाडी बाहेर काढणं बंद करा. घाबरवायला म्हणत नाही. मायनरची किंगपिन साध्या बुशात फिरत नाही, वर-खाली आटे आहेत आणि ती ट्रनियनमध्ये, म्हणजे तिला धरणाऱ्या आट्यांच्या ठोकळ्यात, स्क्रूसारखी फिरते. टॉर्शन बारचा (स्प्रिंगचं काम करणारी, पिळली जाणारी सळई) सगळा भार खालच्या ट्रनियनच्या आट्यांवर. ग्रीस बंद झालं की आटे झिजत जातात आणि एक दिवस निसटतात. मग चाक सरळ मडगार्डाखाली आडवं होतं. हे बहुतेकदा हळू चालताना, पार्किंगमध्ये स्टीअरिंग पूर्ण वळवलेलं असताना होतं, हे नशीब. पण दिवे घाटात झालं तर?

झीज कुठं आहे ते असं बघा. चाक हवेत असताना वर-खाली धरून हलवा. हललं तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. प्ले गेला तर चाकाची बेअरिंग, राहिला तर किंगपिन. मग चाकाखाली पहार घालून चाक वर उचला आणि खालच्या ट्रनियनवर बोट ठेवा. तिथं उडी जाणवली की समजून जा. टाय रॉडसाठी चाक जमिनीवर ठेवून दुसऱ्याला स्टीअरिंग थोडं थोडं हलवायला लावा आणि स्वतः एकेका जॉइंटवर हात ठेवा. डोळ्यांपेक्षा हाताला लवकर कळतं.

गॅरेजवाल्याचं काय चुकलं, तर रॅकचे दात मधोमध जास्त झिजतात, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच जाते. मधला प्ले काढायला आवळलं की न झिजलेल्या टोकांना रॅक अडकतो. त्या शिमा आधी परत घाला. आणि रॅकमध्ये ग्रीस नाही, गिअर ऑइल, नव्वद नंबरचं.

टर्नरबद्दल शंका नाही, भोसरीत एकापेक्षा एक कारागीर आहेत. प्रश्न धातूचा आणि हीट ट्रीटमेंटचा आहे. दिसायला हुबेहूब पीस झिजेल तरी नाहीतर तुटेल तरी. शिवाय एका बाजूला डावे आटे, दुसऱ्या बाजूला उजवे. वेल्डिंग भरून टर्न करणं तर नकोच. मायनरचे हे पार्ट इंग्लंडमध्ये अजून नवीन बनतात, तिथून मागवा. टाय रॉड एंडचं टेपर आणि आटे दोन्ही जुळल्याशिवाय दुसऱ्या गाडीचा लावू नका. बेअरिंग आणि ऑइल सील तेवढी नाना पेठेत नंबर दाखवून मिळतील.

धागाकर्ता

काका, धन्यवाद. तुमचा प्रतिसाद वाचून त्याच संध्याकाळी पहार घातली. उजवीकडे खालचं ट्रनियन चक्क टुणकन उडालं. उघडलं तर आट्यांचे माथे झिजून चाकूच्या पात्यासारखे धारदार झालेले, बोटाला कापेल असे. डावीकडचे त्या मानानं बरे, पण जोडीच बदलतोय. टर्नरला फोन करून नको सांगितलं. तो जरा रुसला, मग म्हणाला, "बरं झालं, मलाही खात्री नव्हती."

दोन्ही बाजूंचे ट्रनियन आणि पिना इंग्लंडहून मागवल्या आहेत, कस्टमचा आकडा अजून कळायचाय. शिमा परत घातल्यावर स्टीअरिंग हलकं झालं.

आता एकच उरलं. टो-इन (पुढची चाकं पुढच्या बाजूनं किंचित आत वळलेली ठेवणं) ३/३२ इंच, म्हणजे साधारण २.४ मिलिमीटर ठेवायचं आहे. अलाइनमेंटच्या दुकानात कॉम्प्युटरवर ही गाडीच सापडेना, पोऱ्यानं "कंपनी कुठली?" असं तीनदा विचारलं. कोथरूड-वारज्याच्या बाजूला दोरी आणि टेप लावून हातानं टो-इन करून देणारं कुणी जुनं माणूस असेल तर मेसेज करा. गाडी टोचन लावून आणीन, चालवत नाही.