लाराव्हेल: रिडायरेक्ट केल्यावर व्ह्यूला डेटाच मिळत नाही

रावेरचा_केळीवाला
नमस्कार मंडळी, काकांच्या केळीच्या हिशोबासाठी लाराव्हेलमध्ये (पीएचपीचं फ्रेमवर्क) छोटं ॲप बनवतोय, कापणी झाली की गाडी नंबर, क्विंटलमध्ये वजन आणि त्या दिवसाचा भाव टाकायचा, पुढच्या पानावर पावती दिसली पाहिजे. यादीचं पान मस्त चालतं, तिथं कंट्रोलरमधून कॉम्पॅक्टने व्हेरिएबल दिलंय. पण फॉर्म सेव्ह करून रिडायरेक्टला विथ लावून पावती पाठवली की ब्लेडमध्ये (व्ह्यूचं म्हणजे पानाचं टेम्प्लेट) अनडिफाइंड व्हेरिएबलचा एरर येतो. रेकॉर्ड डेटाबेसमध्ये बरोबर पडतंय. दोन रात्री गेल्या यात.

धुळे_बॅकएंड
दादा, नाव एकच पण दोन्ही विथचं काम वेगळं, मी पण इथंच अडकलो होतो. व्ह्यूला विथ लावलं की ब्लेडमध्ये सरळ व्हेरिएबल मिळतं. रिडायरेक्टमध्ये मात्र सर्व्हर ब्राउझरला फक्त ३०२ ("दुसरीकडे जा" असा कोड) आणि नवा पत्ता देतो, मग ब्राउझर तिथं नवी रिक्वेस्ट मारतो आणि तोवर पहिल्या रिक्वेस्टची व्हेरिएबलं संपलेली असतात. म्हणून रिडायरेक्टचं विथ डेटा सेशनमध्ये (रिक्वेस्ट संपली तरी युजरचा डेटा जपणारी जागा) फ्लॅश करतं, म्हणजे पुढच्या एका रिक्वेस्टपुरता ठेवतं. ब्लेडमध्ये सेशन फंक्शनला तीच की देऊन वाच. आणि कंटाळून रिडायरेक्ट काढू नको हं, फॉर्मच्या पोस्ट रिक्वेस्टवरच व्ह्यू रिटर्न केला तर रिफ्रेशला फॉर्म परत जातो, एकाच गाडीचं वजन दोनदा चढेल.

तापीकाठ
वरचं बरोबर, पण पावतीच फ्लॅशमध्ये टाकू नका. शेतात रेंज जाते-येते, काकांनी पान परत लोड केलं की फ्लॅश गेलेलं असेल, पावती गायब. त्यापेक्षा सेव्ह झालं की आयडी घेऊन पावतीच्या रूटवर रिडायरेक्ट करा, तिथं शो मेथडमध्ये रेकॉर्ड डेटाबेसमधून काढून व्ह्यूला द्या. फ्लॅशमध्ये फक्त "नोंद झाली" एवढंच. आम्ही कामावर मायक्रोसॉफ्टचं डॉटनेट एमव्हीसी वापरतो, तिथं पण व्ह्यूबॅग रिडायरेक्टच्या पलीकडे जात नाही, टेम्पडेटा जातो, आणि एकदा वाचला की तोही संपतो.

रावेरचा_केळीवाला
जमलं भो! आयडीवालाच मार्ग घेतला, पाच वेळा रिफ्रेश करून बघितलं, पावती जागेवर. लय आभार दोघांचे. अजून एक, आजचा भाव प्रत्येक पानावर वरच्या पट्टीत दाखवायचाय, मग सगळ्या कंट्रोलरमधून पाठवायचा का?

धुळे_बॅकएंड
नाही नाही, त्या पट्टीच्या ब्लेडला व्ह्यू कंपोझर लाव, ती पट्टी रेंडर होताना भाव आपोआप येईल. सर्व्हिस प्रोव्हायडरच्या बूट मेथडमध्ये लिहायचं.