कैदी, दंडित की सिद्धदोष?

फोंड्याचा_वाटसरू:
आमच्या भागातल्या ज्येष्ठ मंडळींचा गट अंदमानला निघालाय. त्यांच्यासाठी चार पानांचं माहितीपत्रक मराठीत करतोय. मूळ मजकूर इंग्रजी, आणि त्यात पदोपदी 'कॉन्व्हिक्ट', म्हणजे गुन्हा शाबीत होऊन शिक्षा झालेला माणूस. मी 'कैदी' लिहिलं होतं. गटातल्या एका निवृत्त शिक्षिका बाईंनी ते खोडून सगळीकडे 'दंडित' केलं. घोडं अडलंय ते या वाक्यावर: 'पहिले सहा महिने सेल्युलर जेलमध्ये एकांतात, पुढचं दीड वर्ष सामायिक तुरुंगात, मग तीन वर्षं दिवसा टोळीत सक्तमजुरी आणि रात्री बराकीत कुलूपबंद, त्यानंतर पाच वर्षं कामकरी, अशी दहा वर्षं भरली की तिकीट (बेटावर मोकळं राहून कमावण्याचा परवाना) मिळून कैदी स्वतः जमीन कसून पोट भरी, लग्नही करी.' बाई म्हणतात, शेत नांगरणारा संसारी माणूस कैदी कसा? छपाईला द्यायचंय, मत सांगा.

मांडवीकाठ:
बाईंचं बरोबर आहे. कैदी म्हणजे कैदेत असलेला. अंदमानात बेट हीच कैद होती, चार भिंती नंतर आल्या. तिथल्या वसाहतीचे इंग्रज अधीक्षक डॉ. वॉकर शिक्षा झालेल्या २०० जणांची पहिली तुकडी घेऊन १० मार्च १८५८ला उतरले तेव्हा तिथं नुसतं जंगल होतं. सेल्युलर जेलचं काम सुरू झालं १८९६ला आणि संपलं १९०६ला. म्हणजे जवळजवळ चाळीस-पन्नास वर्षं ही माणसं त्या इमारतीशिवायच शिक्षा भोगत होती. तिथं शिक्षा भोगणाऱ्या शेर अलीचं उदाहरण घ्या. व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला त्यानं ८ फेब्रुवारी १८७२ला होप टाउनच्या धक्क्यावर भोसकलं तेव्हा तो कोठडीतून सुटून आला नव्हता, न्हाव्याचं काम करत मोकळा वावरत होता. पत्रकात 'कैदी' लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटणार, जेल पाहिला की अंदमान पाहून झालं. रॉस, व्हायपर, चॅथम या बेटांची नावं मग 'वेळ उरल्यास' या सदरात जातात.

कुळागर:
'दंडित'ला माझा विरोध. आज मराठीत दंड म्हणजे पैशाचा दंड. हेल्मेट नसलेलाही दंडितच. तुरुंग खात्याचा शब्द आधीच आहे: सिद्धदोष बंदी. खटला चालू असलेला तो न्यायाधीन बंदी. बोलीतही कच्चा कैदी आणि पक्का कैदी असा फरक आपण करतोच. असलेला शब्द सोडून नवा कशाला घडवायचा?

मांडवीकाठ:
'सिद्धदोष' सरकारी कागदात शोभतो. १८५७च्या बंडातल्या शिपायाला आपण मराठीत सिद्धदोष म्हणायचं? दोष कोणी सिद्ध केला?

कुळागर:
त्यांच्यासाठी 'राजबंदी' आहेच. पण तिथं पाठवलेले बहुसंख्य लोक खून-दरोड्याच्या शिक्षेवरचे होते. दोघांना एकच शब्द लावाल तर एकावर तरी अन्याय होणारच. 'जन्मठेपी' चालेल का बघा, जन्मठेपेतच सगळं आलं. ठेप म्हणजे ठेपण्याची हद्द, आयुष्य जिथं ठेपतं ती.

तळ्यावरची:
ती व्युत्पत्ती मनाची आहे, कुळागरदादा. आणि सगळेच जन्मठेपेचे नव्हते, मुदतीच्या शिक्षेवरही पाठवत. मुळात 'तुरुंग' हा शब्द तरी कुठं आपला? पोर्तुगीज 'त्रोंकु'वरून आलाय. आसगावचे भाषाभ्यासक दालगादो यांनी पोर्तुगीजमधून आलेल्या शब्दांत तो नोंदलाय. त्रोंकु म्हणजे झाडाचं खोड. त्यावरून पाय अडकवायचा लाकडी ठोकळा, आणि त्यावरून बंदिशाळा. आता मराठी बघा: खोड, आणि कैद्याच्या पायात घालायचा तो खोडा! दोन्ही भाषा एकाच वाटेनं चालल्यात.

फोंड्याचा_वाटसरू:
हे सुंदर आहे. पण मग पत्रकात 'कारागृह' लिहू की 'तुरुंग'?

तळ्यावरची:
तुरुंगच. चारशे वर्षं तोंडात बसलेला शब्द परका म्हणून काढायचा, तर मेज, चावी, बटाटा, साबण काय काय काढणार? आग्वादच्या तुरुंगाला गोव्यात कोणी कारागृह म्हणालेलं ऐकलंय का?

कुळागर:
पाटीवर तर 'मध्यवर्ती कारागृह'च लिहितात.

तळ्यावरची:
पाटीवर लिहितात, तोंडी म्हणत नाहीत.

हळदोणेकर:
तुरुंग-कारागृहावर वेळ दवडण्यापेक्षा पत्रकात मंडळींना नेमकं काय दाखवायचं त्याचे शब्द ठरवा. तिथले गाइड हिंदी-इंग्रजी बोलतात, वस्तूंची मराठी नावं आपल्यालाच द्यावी लागतात. सेल्युलर जेलच्या कोठडीच्या दाराकडे बघायला जरूर सांगा. दाराच्या लोखंडी दांडीचं टोक थेट चौकटीत जात नाही, बाजूच्या भिंतीत खोल कोनाडा आहे, त्यात जाऊन बसतं. कुलूप त्या कोनाड्यात. गजांतून हात बाहेर काढला तरी तिथवर पोचत नाही. याला 'कडी' म्हटलं तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे घरचं कडी-कोयंडं येतं. 'अडसर' म्हणा.

कुळागर:
अडसर दाराच्या आतल्या बाजूला असतो, आडवा. घरातला माणूस तो लावतो. इथं दार बाहेरून लागतं. अडसर नको.

हळदोणेकर:
मग सरळ 'लांब दांडीची कडी' लिहा. वाचणाऱ्याला तिथं उभं राहून ती ओळखता आली पाहिजे. मागच्या भिंतीत सुमारे तीन मीटर उंचीवर झरोका आहे, त्यालाही 'खिडकी' लिहू नका. खिडकीतून बाहेर दिसतं, या झरोक्यातून काही दिसत नाही. कोठडी साडेचार मीटर बाय २.७ मीटर. सात पाखी, म्हणजे इमारतीच्या लांबट बाजू, होत्या, मधल्या मनोऱ्यापासून चक्राच्या आऱ्यांसारखी पसरलेली, आणि एका पाखीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे समोरासमोर खूण करायलाही कोणी नाही. आज तीनच उभ्या आहेत. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर अगदी टोकाला आहे. गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी जिने आधी चढावेत, अंगणातला घाणा आणि फाशीघर नंतर.

तळ्यावरची:
घाणा नव्हे, कोलू. घाण्याला बैल असतो. इथं माणूस जुंपत आणि रोज ३० पौंड खोबरेल मागत, म्हणजे साडेतेरा किलोच्या वर. आपल्याकडच्या बैलघाण्याचं चित्र उभं राहिलं तर त्यातला जुलूम कळणारच नाही. सावरकरांनीही मराठीत 'कोलू'च ठेवला. काथ्याचं काम मात्र गोव्यात समजावून द्यायला नको. 'सोडणं कुटणे' लिहा, सगळ्यांना कळेल: सोडण (नारळाची साल) भिजवायचं, मोगरीनं ठेचायचं, भुसा झाडायचा, काथ्या वाळवायचा.

मांडवीकाठ:
आणि व्हायपरबद्दल एक. तिथं साप फार म्हणून ते नाव, असं पत्रकात येऊ देऊ नका. १७८९ला इंग्रज नौदल अधिकारी ब्लेअर ज्या जहाजातून आले त्याचं नाव व्हायपर. जेलच्या आधी साखळदंडातले लोक तिथं ठेवत, म्हणून टेकडीवर लाल विटांचा फाशीचा चौथरा आहे. शेर अलीला ११ मार्च १८७२ला तिथंच फाशी दिलं. रॉसचं नाव २०१८ पासून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप आहे, बोटीच्या तिकिटावर तेच असेल, म्हणून दोन्ही नावं छापा. पोर्ट ब्लेअर शहराचंही नाव बदललंय, श्री विजयपुरम. विमानाची तिकिटं काढताना ज्येष्ठांचा घोळ होतो. आणि सूर्य लवकर मावळतो, हिवाळ्यात पाचच्या सुमारास. गोव्याच्या सवयीनं चहा घेऊन चारला निघालात तर तिथल्या पडक्या भिंतींच्या विटाही दिसणार नाहीत. रॉसला सकाळी जा.

फोंड्याचा_वाटसरू:
सगळं घेतो. पण 'कॉन्व्हिक्ट'?

कुळागर:
सिद्धदोष.

तळ्यावरची:
काळ्या पाण्यावर धाडलेला माणूस. लांब आहे, पण पहिल्यांदा पूर्ण लिहा आणि पुढे 'दंडित' वापरा. 'काळं पाणी'त समुद्र ओलांडण्याचा निषेधही आला, जात गेल्याची धास्तीही आली. ती भीती शिक्षेचाच भाग होती.

हळदोणेकर:
गोव्यातून पोर्तुगीज आपल्या माणसांना मोझांबिक-तिमोरला धाडत, १९४६नंतर स्वातंत्र्यसैनिक कुन्हांसारख्यांना पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात. त्याला इथं 'हद्दपार' म्हणतात. फोंड्याच्या मंडळींना हा शब्द लगेच भिडेल.

कुळागर:
हद्दपार म्हणजे हद्दीबाहेर घालवणं. तिथं सक्तमजुरी असतेच असं नाही, तडीपार गुंडही हद्दपारच. अंदमानात पोचल्यावर शिक्षा सुरू व्हायची. चालणार नाही.

मांडवीकाठ:
तिकीट मिळाल्यानंतरच्या माणसासाठी तरी वेगळा शब्द ठेवा. 'तिकीटवाला' लिहिलंत तर वाचणाऱ्याला बसमधला कंडक्टर दिसेल. 'तिकीटधारी' लिहा, आणि तिकीट म्हणजे काय ते तिथंच एका ओळीत सांगा: शिक्षा संपलेली नाही, बेट सोडता येत नाही, पण कमावून खाता येतं.

फोंड्याचा_वाटसरू:
तिकीटधारी घेतला. बाईंना 'दंडित' आणि 'सिद्धदोष' दोन्ही दाखवतो, त्या म्हणतील तो छापू.

कुळागर:
छापण्याआधी बाईंना 'दंड'चा आजचा अर्थ जरूर सांगा.